बीसीएम बदलण्यापूर्वी ते का बिघडले, हे कळायला हवे

इंजिन आणि गिअरबॉक्स वगळले, तर आजच्या एसयूव्हीतील बहुतेक विद्युत कामांचा कारभार बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच बीसीएम, या एका डब्याकडे असतो. हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, सेंट्रल लॉकिंग, खिडक्यांच्या काचा, आतले दिवे, हॉर्न आणि अनेक गाड्यांमध्ये चावी ओळखणारा इमोबिलायझरसुद्धा त्याच्या आज्ञेने चालतो. त्यामुळे ते बिघडले की दोष एका जागी दिसत नाही. माझ्या गाडीत आधी पाऊस नसताना वायपर एखादी फेरी मारून थांबू लागले, मग गाडी कुलूपबंद केल्यावर मागच्या दाराचे लॉक आपोआप उघडल्याचा आवाज येऊ लागला आणि पुढे सकाळी बॅटरी उतरलेली सापडू लागली. प्रत्येक तक्रार सुटी धरली, तर वायपरची मोटर, दाराचे लॉक आणि बॅटरी असे तीन निरनिराळे भाग बदलण्याचा सल्ला मिळतो, आणि मला तो मिळालाही. तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येत असतील का, हा प्रश्न मात्र त्या सल्ल्यात कुठेच नव्हता.

जुन्या गाडीत बटण दाबले की रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, ओढला जाई आणि प्रवाह थेट दिव्याकडे जाई. आता बटण केवळ विनंती पाठवते. दिवा लावायचा की नाही, हे बीसीएम ठरवते आणि आपल्याच सर्किट बोर्डावरील ट्रान्झिस्टरमार्फत दिव्याला प्रवाह देते. हे ट्रान्झिस्टर प्रवाहावर लक्ष ठेवतात, त्यामुळे वायर शॉर्ट झाली तर ते स्वतःच ती वाट बंद करतात. बीसीएम इतर मॉड्यूलांशी, म्हणजे गाडीतील इतर छोट्या संगणकांशी, कॅन नावाच्या जाळ्यावरून बोलते. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर आणलेल्या या पद्धतीत एकमेकींना पीळ घातलेल्या दोनच वायरींवरून सगळे संदेश जातात. पावसाचा सेन्सर किंवा काचांची बटणे यांसारख्या साध्या भागांसाठी बहुधा लिन ही एकाच वायरीची धीमी वाट वापरलेली असते. हे सारे समजून घेण्याचे कारण इतकेच की विनंती पोहोचली नाही, निर्णय चुकला, पुरवठा कमी पडला किंवा अर्थिंग सैल झाले, तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते: दिवा लागत नाही. म्हणून बीसीएमवर ठपका सर्वांत शेवटी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

तपासाची सुरुवात बॅटरीपासून व्हायला हवी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. ती १२ व्होल्टच्या आसपास आली असेल, तर मॉड्यूले विचित्र वागतात आणि स्कॅनरवर, म्हणजे मॉड्यूलांनी नोंदवलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर, खोट्या कोडांची रांग लागते. त्यानंतर अर्थिंग पाहावे. येथे पुष्कळ जण मल्टिमीटरने केवळ ओहम मोजतात आणि समाधान मानतात, पण वायरीतील एकच तार शाबूत असली तरी ओहममध्ये आकडा शून्याजवळ येतो. प्रत्यक्षात ती एक तार भार पेलू शकत नाही. खरी परीक्षा भार असतानाची असते. दिवे आणि काचेमागचा हीटर चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे बीसीएमच्या अर्थिंगच्या पिनेला लावावे. फरक ०.१ व्होल्टच्या आत असेल, तर अर्थिंग ठीक आहे. पुरवठ्याच्या वायरीही याच रीतीने, बॅटरीच्या धन टर्मिनलच्या तुलनेत तपासता येतात.

स्कॅनरवर ‘यू ०१४०’ हा कोड दिसला, की बीसीएम गेले असा निष्कर्ष घाईने काढला जातो. या कोडाचा अर्थ एवढाच आहे की इतर मॉड्यूलांना बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही. फ्यूज उडालेला असू शकतो, अर्थिंग तुटलेले असू शकते किंवा कॅनची वायर कुठेतरी घासून उघडी पडलेली असू शकते. बॅटरीचे टर्मिनल काढून स्कॅनर जोडायच्या, म्हणजे निदानाच्या, सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजला, तर तो साधारण ६० ओहम यायला हवा, कारण जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात आणि ते समांतर जोडलेले असतात. १२० आले तर एका टोकाशी संपर्क तुटला आहे आणि शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना भिडल्या आहेत. ज्या गाड्यांत सॉकेट आणि आतली जाळी यांच्यामध्ये संदेश इकडून तिकडे पोहोचवणारे गेटवे मॉड्यूल असते, तेथे मात्र हे मोजमाप गेटवेच्या पलीकडचे काहीच सांगत नाही.

बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर गाडी झोपल्यावर वाहणारा प्रवाह मोजावा. दार उघडे ठेवून त्याचे लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलले, की गाडीला दार लागल्यासारखे वाटते आणि अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक मॉड्यूले झोपी जातात. त्यानंतर प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. तो वर राहिला तर फ्यूज उपटत बसू नये, कारण फ्यूज काढला-लावला की मॉड्यूले पुन्हा जागी होतात आणि झोपेचा काळ नव्याने सुरू होतो. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरील दोन धातूच्या ठिपक्यांमध्ये मिलिव्होल्ट मोजले, तर कोणत्या वाटेने प्रवाह जातो आहे, हे फ्यूजला हात न लावता कळते. माझ्या गाडीत ती वाट थेट बीसीएमच्या पुरवठ्याकडे गेली.

चालकाच्या पायाशेजारचे आच्छादन काढल्यावर उत्तर दिसले. बीसीएमच्या एका कनेक्टरमधील पिना हिरव्या पडल्या होत्या आणि बोर्डाच्या कोपऱ्यावर पांढरट थर साचला होता. पाणी सनरूफमधून आले होते. सनरूफच्या चौकटीत जमा होणारे पाणी बारीक नळ्यांतून, पुढच्या काचेलगतच्या खांबांमधून गाडीखाली सोडलेले असते. त्यातली एक नळी धूळ आणि पालापाचोळ्याने बंद झाली होती, आणि तुंबलेले पाणी खांबातून उतरणाऱ्या वायरिंगच्या जुडग्यावरून थेट कनेक्टरपर्यंत पोहोचत होते. या स्थितीत नवे बीसीएम लावले असते, तर तेही पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेने गेले असते. नळी साफ करताना जोरदार दाबाची हवा मारू नये. नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग पाणी खांबाच्या पोकळीतच उतरते. लवचिक नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवणे आणि नंतर चौकटीत थोडे पाणी ओतून ते गाडीखाली बाहेर पडते का ते पाहणे, हा संथ पण सुरक्षित मार्ग आहे.

पाणी हे एकच कारण नसते. एसयूव्हीच्या डिकीच्या दाराकडे जाणाऱ्या वायरी बिजागरीपाशी रबरी नळीतून जातात आणि दार हजारो वेळा उघडल्या-मिटल्याने त्या आतल्या आत तुटतात. तेव्हा मागचा वायपर, लॉक आणि नंबरप्लेटचा दिवा एकदमच बिनसतात आणि संशय बीसीएमवर जातो. ती नळी सरकवून पाहिल्याशिवाय कोणीही नवा डबा मागवू नये. बाहेरून बसवलेले जादा दिवे किंवा ट्रेलरचे सॉकेट मूळ वायरीला टोचून जोडलेले असतील, तर त्या जोडण्याही आधी सोडवाव्यात, कारण बीसीएमचे ट्रान्झिस्टर ठरावीक भारासाठी निवडलेले असतात.

बोर्ड धुऊन, वाळवून काम चालवता येईल का, हे मी विचारून पाहिले. कनेक्टरवरचा गंज साफ करता येतो, परंतु बोर्डाला अनेक थर असतात आणि चिपखाली शिरलेला गंज दिसतही नाही आणि थांबतही नाही. दिवे आणि वायपर ज्यावर अवलंबून आहेत, त्या भागाबाबत अशी तडजोड मला मान्य नव्हती. वायरिंगच्या बाजूचे गंजलेले टर्मिनलही त्याच वेळी बदलून घेतले, कारण नव्या पिनांवर जुना गंज दाबून बसवण्यात काही अर्थ नसतो.

नवा भाग निवडताना आकार आणि कनेक्टर जुळणे पुरेसे नाही. पार्ट नंबर जुळला पाहिजे. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या बीसीएममध्ये त्या गाडीचा चासी नंबर आणि तिच्या चाव्यांची ओळख साठवलेली असते, आणि ती पुसता येईलच अशी खात्री नसते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जुने बीसीएम थोडेफार बोलत असेल, तर ते काढण्यापूर्वीच त्यातील संपूर्ण कॉन्फिगरेशन स्कॅनरने वाचून जपून ठेवावे. आपल्या गाडीला सनरूफ आहे का, दिवे आपोआप लागतात का, स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे, हे सगळे त्यात लिहिलेले असते.

प्रत्यक्ष अदलाबदल फार वेळ घेत नाही. चालकाची काच खाली करून आणि डिकी उघडी ठेवून मगच बॅटरीचे ऋण टर्मिनल काढावे, एअरबॅगमधील साठलेला विद्युतभार निघून जाण्यासाठी काही मिनिटे थांबावे, पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये आणि नवा डबा हाती घेण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत सोडून द्यावी.

कोडिंगचे, म्हणजे नव्या बीसीएममध्ये गाडीची माहिती आणि चाव्यांची ओळख भरण्याचे, काम मी अधिकृत सॉफ्टवेअर असलेल्या वर्कशॉपकडे सोपवले आणि ते गाडी जेथे उभी होती तेथेच करून घेतले, कारण चाव्यांची नोंद होईपर्यंत इंजिन सुरू होत नाही. प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज खचले, तर नवे बीसीएम अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकते. म्हणून साधा चार्जर न लावता स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय जोडण्याचा आग्रह धरावा. चाव्या शिकवताना घरातील सगळ्या चाव्या सोबत ठेवाव्यात, कारण बऱ्याच गाड्यांत त्या वेळी हजर नसलेली चावी यादीतून गळते.

शेवटी काचांची वरची मर्यादा बटण धरून पुन्हा शिकवली, कोड पुसले आणि प्रत्येक दिवा, लॉक आणि वायपर चालवून पाहिला. झोपेतील प्रवाह पुन्हा मोजला आणि तो मर्यादेत आला. गालिच्याखालच्या जाड फोममध्ये मात्र अजून ओल होती. वरचा भाग कोरडा दिसला तरी ही ओल दीर्घकाळ टिकते आणि बंद गाडीत तिची वाफ पुन्हा कनेक्टरांवरच बसते. म्हणून गालिचा उचलून फोम पूर्ण वाळवला आणि त्यानंतरच बाजूचे आच्छादन परत बसवले.