ईसीसी रॅमच्या शोधात खानापूर ते निपाणी

गेल्या पावसाळ्यात घरच्या सर्व्हरवरून आजीचा फोटो उघडला. खळ्यावर भात उफणतानाचा. वरचा अर्धा भाग नेहमीसारखा होता. कमरेखालचं चित्र मात्र बोटभर उजवीकडे सरकलेलं आणि हिरवं नऊवारी जांभळं झालेलं. बॅकअपच्या दोन्ही डिस्क काढून पाहिल्या, तिथंही फोटो तसाच. चांगली प्रत कधीतरी बिघडली आणि बॅकअपनं तो बिघाड इमानदारीनं पुढे नेला. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला, तर सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. दोनपैकी एक रॅम स्टिक चुकत होती, आणि किती दिवसांपासून ते कळायला मार्ग नव्हता.

त्या सर्व्हरवर नुसते फोटो नाहीत. आजोबांच्या पेटीतले मोडी कागद, मराठी शाळेचे जुने दाखले, जमिनीचे उतारे असं सगळं स्कॅन करून ठेवलंय. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या आधीचे हे कागद. सीमाभागातल्या घरात अशा कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून ठरवलं, आता सर्व्हर ईसीसी मेमरीचाच, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या रॅमचा. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत जे कळलं ते पुढं जाणाऱ्यांसाठी लिहितोय.

खानापूरहून बेळगाव २६ किलोमीटर. सकाळच्या बसनं गेलो, पहिला दिवस खडेबाजार, रामदेव गल्ली आणि टिळकवाडीकडची दुकानं पालथी घालण्यात गेला. सगळीकडे साधी रॅम मुबलक, पण ईसीसी म्हटलं की एकच उत्तर. "सर्व्हरची रॅम न्हवं? हाय की." आणि समोर येते ती रजिस्टर्ड रॅम, म्हणजे मेमरीच्या चिपांबरोबर एक जादा रजिस्टर चिप असलेली. मोठ्या सर्व्हरमधून निघालेली, स्वस्तही असते. तीही ईसीसीच, पण घरगुती मदरबोर्डावर ती चालत नाही. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये दोन्हींची खाच एकाच जागी असल्यामुळे स्लॉटमध्ये ती व्यवस्थित बसते आणि मशीन मात्र चालू होत नाही. मागच्या खेपेला मी अशीच एक जोडी घेऊन गेलो होतो. दुकानदारानं परत घेतली नाही.

तेव्हा स्टिक हातात घेऊन लेबल वाचायला शिका. पीसी४-२१३३पी किंवा पीसी४-२४००टी असं लिहिलेलं असतं, त्याच्यापुढचं इंग्रजी अक्षर महत्त्वाचं. यू असेल तर साधी, आर असेल तर रजिस्टर्ड, ई असेल तर आपल्याला हवी ती अनबफर्ड, म्हणजे रजिस्टर चिप नसलेली ईसीसी. मग चिप मोजा. साध्या स्टिकच्या एका बाजूला सहसा आठ काळे चौकोन असतात, ईसीसीवर नऊ. तो नववा कशासाठी, तर ६४ बिट माहितीबरोबर ८ बिट ताळा ठेवायला. एकूण ७२. त्या ताळ्यावरून एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, आणि दोन उलटले तर दुरुस्ती होत नाही पण चूक झाल्याचं कळतं. माझ्यासाठी हे दुसरं जास्त मोलाचं. स्टिक पूर्ण बिघडली तर ईसीसीही तिला वाचवू शकत नाही, पण गुपचूप फोटो खराब होत राहणार नाहीत.

नवीन डीडीआर५ बद्दल दोन दुकानांत मला सांगितलं की त्यात ईसीसी आतच असतं. ते अर्धंच खरं. चिपच्या पोटातल्या चुका चिप स्वतः दुरुस्त करते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचा पहारा नसतो, आणि चूक झाली हे ती तुम्हाला सांगतही नाही. डीडीआर५ घ्यायची असली तरी ईसीसी वेगळी मागूनच घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी निपाणी. तिथं एक जण पुण्याच्या ऑफिसांतून निघालेले वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचे कॉम्प्युटर, आणून विकतो असं कळलं होतं. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कोल्हापूरची कुठलीही बस चालते, मात्र ती निपाणी स्टँडमध्ये जाणार की हायवेवर सोडणार हे कंडक्टरला आधी विचारा. परत येताना हातात दहा-बारा किलोचा कॉम्प्युटरचा डबा असणार आहे. काकती, हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदीचा घाट उतरला की निपाणी.

दुकानात एचपी झेड२४० चे तीन डबे शेजारीशेजारी ठेवलेले. डबा एकच, बोर्ड एकच, सी२३६ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाची मुख्य नियंत्रक चिप). आत प्रोसेसर तीन वेगळे. एकात कोअर आय७-६७००, दुसऱ्यात झिऑन ई३-१२२५ व्ही५, तिसऱ्यात कोअर आय३-६१००. मालक आय७ वर हात ठेवून म्हणाले, "दादा, ह्यो लई फास्ट हाय, ह्योच न्या." वेगाला तो चांगलाच आहे, पण ईसीसी त्याला येत नाही. झिऑनला येते, आणि त्या पिढीतल्या साध्या आय३ लाही येते. इंटेलनं वर्षानुवर्षं आय५-आय७ ला ही सोय मुद्दाम दिली नाही, याचा मला मनापासून राग आहे. बाराव्या पिढीपासून बऱ्याच आय५-आय७ ला ती मिळते, पण बोर्ड डब्ल्यू६८० सारख्या वर्कस्टेशनच्या चिपसेटचा लागतो, आणि तो बोर्ड मला बेळगावात एकाही दुकानात दिसला नाही.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचं गणित वेगळं आहे. तिच्या एएम४ सॉकेटचे, नावात 'जी' नसलेले रायझन प्रोसेसर, म्हणजे ३६००, ५६००एक्स वगैरे, ईसीसी चालवतात, बोर्डानं साथ दिली तर. ५६००जी सारखे 'जी' असलेले चालवत नाहीत, त्यातले फक्त प्रो नावाचे चालवतात. ५५०० च्या नावात जी नाही, पण आतली चिप तीच, म्हणून तोही बाद. बोर्डाच्या माहितीपत्रकात नुसतं 'ईसीसी चालते' एवढं वाचून पैसे देऊ नका. काही बोर्ड ईसीसी स्टिक घेतात आणि साधी समजून चालवतात, तेव्हा नॉन-ईसीसी मोड असे शब्द कुठं बारीक अक्षरात आहेत का ते शोधा. नवीन मशीन बांधायचं असेल तर मी रायझनच घेईन. पण आमच्या भागात आज हातात मिळणारी, चालू करून बघता येणारी चीज म्हणजे जुनं वर्कस्टेशन.

मी झिऑनचा डबा घेतला, आत आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, दोन्हींवर ई. पैसे देण्याआधी खिशातल्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. मालकांनी खुर्ची दिली, चहा मागवला, स्वतः शेजारी उभे राहून बघत होते. डीमिडीकोड या लिनक्सच्या कमांडनं मेमरीची एकूण रुंदी ७२ बिट आणि माहितीची ६४ दाखवली. तेवढ्यावर थांबू नका, कारण तो बायोसनं सांगितलेलंच परत सांगतो. ईडॅकचा, म्हणजे मेमरीच्या चुका मोजणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा, ड्रायव्हर चढला का आणि एमसी-झीरो नावाचा फोल्डर तयार झाला का, ते बघा. तो दिसला तेव्हा मी पैसे काढले. मालक म्हणाले, आजवर असं बघून कुणी नेलं नव्हतं. सुट्या स्टिक आणखी घेणार असाल तर सगळ्या ईसीसीच घ्या, एक साधी मिसळली की दुरुस्ती बंद.

वेगळा बोर्ड घेत असाल तर उजेडाची बॅटरी (टॉर्च) घेऊन जा. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, एखादी वाकलेली असेल तर तिरप्या उजेडात दिसते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वरचा हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) ओढताना मधल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर उपटून येतो. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायला सांगा, मग हलकेच पिळून काढायचं. बिलावर मशीनचा आणि स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या. हार्ड डिस्क काढून मांडीवर घ्या, डबा दोन सीटच्या मध्ये उभा ठेवा. भाव इथं लिहीत नाही, मेमरीचे दर फार हलतात.

तारखाही बघून निघा. १ नोव्हेंबरच्या आसपास आणि सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद होऊ शकतात. डिसेंबरात बेळगावात अधिवेशन असलं की लॉजवर खोली मिळणं अवघड.

आमच्याकडे पावसात लाईट रोजच जाते, म्हणून पहिल्याच आठवड्यात यूपीएस जोडला. आजीचा फोटो मूळ प्रतीवरून पुन्हा स्कॅन केला. ईडॅकचा आकडा दर रविवारी बघतो, अजून शून्य आहे. वाढायला लागला तर कुठल्या स्लॉटमधली स्टिक हे लगेच कळावं म्हणून चारही स्लॉटशेजारी नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्यात.