रिझर्व्हला लावली की बंद

ऑगस्टचा दुसरा आठवडा. मिरजेत तीन दिवस पावसाची झड लागली होती. गॅरेजचं शटर अर्धं वर केलं तोच दोघं जण गाडी ढकलत आले. हँडल धरलेले साठी ओलांडलेले एक शेतकरी, टोपी भिजून कपाळाला चिकटलेली. मागून कॅरियरला हात लावून ढकलणारा पंपावरचा पोरगा, अंगात पंपाचाच शर्ट, मान खाली.

"मिस्त्री, ह्या टाकीतलं पेट्रोल ह्या पोराच्या देखत बाटलीत काढा," शेतकरी म्हणाले. "आणि पाणी घातलंय म्हणून कागदावर लिहून द्या. मी सोडणार नाही ह्यांना."

पोरगा काहीच बोलला नाही. नंतर कळलं, ह्या शेतकरी अण्णांनी त्याला भर पंपावर चार लोकांत चोर म्हटलं होतं, आणि मॅनेजरनं 'मिस्त्री काय सांगतो ते बघून ये' म्हणून त्याला सोबत पाठवलं होतं.

गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी मोटारसायकल, कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). मी आधी विचारलं, "अण्णा, बंद कशी पडली? अचानक, की झटके देत?"

"मेनवर चांगली चालली की वो. मग पेट्रोल संपल्यागत झटके द्यायला लागली, म्हणून कॉक रिझर्व्हला फिरवला. लावला आणि जागेवर बंद! परत मेनवर केलं तर जरा घुरघुरली, तेवढंच."

हे ऐकलं आणि माझ्या मनात गोष्ट निम्मी उलगडली. पेट्रोल कॉकला, म्हणजे टाकीखालच्या तोटीला, टाकीच्या आत दोन वाटा असतात. मेनची नळी उंच उभी असते, ती वरचं पेट्रोल घेते. रिझर्व्हचं भोक तळाशी असतं. वरचं चालतं आणि तळाचं चालत नाही, म्हणजे टाकीत दोन थर पडलेत.

नळी काढून सगळं पारदर्शक बाटलीत उतरवलं. थोडा वेळ स्थिर ठेवलं. वर केशरी पेट्रोल, खाली फिकट, गढूळसर पाण्यासारखा थर, मध्ये सुरीनं कापल्यासारखी रेघ. खालचा थर मापात धरला तर जवळजवळ अर्धा लिटर.

"बघा! अर्धा लिटर पाणी!" अण्णांचा आवाज चढला. शेजारचा पंक्चरवाला आला, चहावाला आला. पोराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

दोनच महिन्यांपूर्वी अशीच बाटली घेऊन एक शिक्षक माझ्याकडे आले होते. मी बाटलीकडे एकदा बघितलं आणि सांगून टाकलं, 'सर, पंप बदला.' नंतर माहिती घेतली तेव्हा कळलं, की मी न तपासता बोललो होतो. ती सल मनात होती. म्हणून त्यानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसली शंभर मिलिलिटरची मोजनळी विकत आणून ठेवली होती.

पोराला म्हटलं, "जा, तुमच्याच पंपावरनं, त्याच नोझलचं अर्धा लिटर घेऊन ये." तो पळत गेला आणि आला. मोजनळीत नव्वद मिलिलिटर पेट्रोल ओतलं. एकसारखं, स्वच्छ, तळाला काही नाही. अण्णांच्या हातात दिलं, उजेडाला धरून नीट बघायला लावलं. मग माठातलं दहा मिलिलिटर पाणी त्यांच्याच हातानं त्यात घालायला लावलं, तोंडाला बूच लावून हलवलं आणि बाकड्यावर ठेवून दिलं.

थर वेगळे झाले. खालचा थर पंचविसाच्या वर गेलेला.

अण्णांनी चष्मा पुसला. "घातलं दहाच. पंचवीस कसं झालं?"

"दहा तुम्ही घातलेलं पाणी. दहाच्या वर जे भरलं ते इथेनॉल. पेट्रोलमधनं निघून ते पाण्याला जाऊन मिळालं."

"इथेनॉल म्हणजे आमच्या कारखान्यात होतं तेच?"

"तेच. तुमच्या उसाच्या मळीचं. आता मक्याचंही असतं."

ते गप्प झाले. उसाला खत-पाणी घालून आयुष्य गेलेला माणूस. आपला ऊस टाकीपर्यंत येतो हे त्यांना माहीत होतं, पण टाकीत आल्यावर तो कसा वागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला याचाच राग येतो. २००१ मध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग देशात तीनच ठिकाणी झाले. त्यांतली दोन महाराष्ट्रातली, मनमाड आणि आमचं मिरज. पुढं पाच टक्के झालं, २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आलं, आता वीस टक्के. एवढ्या वर्षांत साध्या गाडीवाल्याला साध्या भाषेत एवढं तरी सांगायला हवं होतं, की बाबा, टाकीत पाणी जाऊ देऊ नको.

पूर्वी टाकीत पाणी गेलं तर ते तळाशी पडून राहायचं. कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल केला, चमचाभर पाणी सांडलं की गाडी सुरू. आता थोडं पाणी असेल तर इथेनॉल ते आपल्यात सामावून घेतं आणि ते इंजिनात जळूनही जातं, कळतसुद्धा नाही. पण मर्यादेच्या पुढं गेलं की इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं. पाणी वाटीभर आणि थर तांब्याभर! त्यावर इंजिन चालत नाही. वर उरलेल्या पेट्रोलचंही ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची ताकद, इथेनॉल गेल्यामुळं उतरलेलं असतं, म्हणून ते त्या गाडीत मी परत घालत नाही.

मग मुख्य प्रश्न उरला, पाणी आलं कुठून? अण्णांनी आषाढीच्या आसपास तीन लिटर टाकलं होतं, थोडी फिरवाफिरव झाली आणि नंतर गाडी गोठ्यापुढं पत्र्याच्या वळचणीखाली उभी. मी टाकीचं झाकण बंद केलं आणि वरून पेलाभर पाणी ओतलं. झाकणाभोवतीच्या खोलगट जागेतलं पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलानं गच्च बुजलेलं. पाणी तिथंच तळं करून थांबलं. मग झाकणालगत साचलेलं पाणी कापडानं टिपून घेतलं, झाकण उघडलं आणि आत बॅटरी मारली. आतल्या कडेवरून थेंब ओघळत होते. झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं. अण्णांना वाकून बघायला सांगितलं. बराच वेळ ते तसेच वाकून बघत राहिले.

काम दुपारपर्यंत चाललं. टाकी उतरवली, ताज्या पेट्रोलनं खंगाळली, ब्लोअरनं वाळवली. तळाला गंज धरू लागला होता. कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी, स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलेला, ओ-रिंग फुगलेली. नळी, ओ-रिंग, कॉकचं रबर आणि झाकणाचं रबर नवं घातलं. जुन्या गाड्यांचं रबर वीस टक्क्यांसाठी बनवलेलं नाही, ते आता लवकर बदलावं लागतं, हे मी प्रत्येकाला सांगतो.

बसल्या बसल्या अण्णांनी अ‍ॅव्हरेजचं विचारलं. त्यांना खोटं सांगितलं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडं कमी पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दहा टक्क्यांवर बेतलेल्या दुचाकींना वीस टक्के मिश्रणावर अ‍ॅव्हरेजमध्ये तीन-चार टक्क्यांची घट सांगितली आहे. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर मिश्रण सावरून घेतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक मात्र ठरलेलं, त्यातनं येईल तेवढंच येणार. त्यामुळं थंडीत चोक जास्त वेळ ठेवावा लागतो. पण म्हणून हे पेट्रोल विष आहे असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे रोज चालणाऱ्या, दर आठवड्याला टाकी रिकामी होणाऱ्या जुन्या गाड्याही येतात, त्यांना ही तक्रार नाही. अडचण उभ्या राहणाऱ्या गाडीची आहे. पावसाळ्यात गाडी महिनाभर लावून ठेवायची असेल तर टाकीवर प्लास्टिकचा कागद बांधा, एवढं साधं काम आहे.

गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. मी कॉक मुद्दाम रिझर्व्हला फिरवला आणि पाच मिनिटं तशीच चालू ठेवली. आवाज एकसारखा.

अण्णांनी पैसे दिले. पोरगा शटरच्या कडेला उभा होता, सकाळपासून त्यानं चहासुद्धा घेतला नव्हता. अण्णा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"पोरा, मी तुला चार लोकांत बोललो. चल, मागं बस. त्याच चार लोकांत सांगतो, चूक माझ्या झाकणाची होती."

पोरगा मागं बसला. निघता निघता वळून म्हणाला, "मिस्त्री, ती काचेची नळी कुठं मिळती? आमच्या पंपावर एक पायजे."

दुकानाचा पत्ता सांगितला. आणि नळी धुऊन, पुसून, पालथी घालून ठेवली. संध्याकाळी आणखी एक बाटली आली.