दवाखाना ते लोकसभेचा अर्ज: माझा अनुभव

लोकसभेला अपक्ष उभं राहायचं तर पैसा लागतो, माणसं लागतात, असं सगळ्यांनी सांगितलं. नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला लागतो हे एकानंही सांगितलं नाही.

2024 ला मी अर्ज भरला. 25 हजार अनामत, खर्चासाठी वेगळं बँक खातं, मतदारसंघातलेच 10 सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार), सगळं झटपट झालं. सूचक बहुतेक माझे जुने पेशंटच. अडलं ते अर्जासोबत द्यायच्या नमुना 26 च्या शपथपत्रापाशी. गेल्या 10 वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल, तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचे दाखले जोडा म्हणे. मी कधीकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये राहिलो होतो. नोकरी सोडून प्रॅक्टिस सुरू केली त्यालाही आता वर्षं झाली, पण 10 च्या आतच.

भाड्याच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो. "रजिस्टर जुन्या इमारतीत आहे, उद्या या." दुसऱ्या दिवशी गेलो तर साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये). क्वार्टरला फोन कधी नव्हताच, तर "नव्हता असं लेखी आम्ही कसं देणार?" उमेदवारी अर्ज घ्यायची वेळ 11 ते 3, आणि शेवटची तारीख तोंडावर आलेली. शेवटी त्याच बाबूंनी टेबलावर शुगरचे रिपोर्ट पसरले. "डॉक्टरसाहेब, जरा बघता का?" बघितले. गोळ्यांच्या वेळा समजावल्या, पथ्य लिहून दिलं. तोवर शिपाई रजिस्टर घेऊन हजर! मग कसली जुनी इमारत? वीज आणि पाण्याचे दाखले त्याच दुपारी मिळाले. फोनचं मी शपथपत्रातच स्पष्ट लिहिलं, ते चाललं.

उभं राहायचं मनात असेल, तर हे दाखले आचारसंहिता लागायच्या आधीच मागून ठेवा. आणि हो, शपथपत्रात एकही रकाना कोरा ठेवू नका. "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून कोरा रकाना अर्जाच्या मुळावर येतो.

छाननीत अर्ज वैध ठरला, तेव्हा निकालाआधीच पेढे वाटले. पुढे अनामत गेली. एक षष्ठांश मतं काही जमली नाहीत. त्याचा राग नाही, त्या रजिस्टरचा मात्र अजून आहे.

सरकारी सेवेत असलेल्या डॉक्टरांनो, नुसता राजीनामा देऊन भागत नाही. मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय अर्ज भरायला जाऊ नका.