वहीत उतरलेली तान

जुन्या मैफलींच्या टेप स्वच्छ करण्याचं काम मी पुण्यात वीस वर्षं करतोय. आता त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरतो, पण डोळ्यांत तेल घालून. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता झणकारसुद्धा, ती खरखर समजून पुसून टाकतात.

गेल्या वर्षी जयपूर घराण्याच्या एका दिवंगत गायिकेचे, माईंचे, चिरंजीव टेपचं स्पूल घेऊन आले. घरगुती मैफल, राग नायकी कानडा, विलंबित तीनताल. स्पूल उलटताना चाळीस सेकंद निसटलेले, म्हणजे तालाची जेमतेम दोन आवर्तनं. "आईचं गाणं सलग करून द्या," ते म्हणाले. अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करायला मुंबई उच्च न्यायालयानं 2024मध्ये मनाई केली होती, ते मला ठाऊक होतं. इथं तर खुद्द मुलगाच सांगत होता. मी हो म्हटलं.

माझी तरुण सहकारी गाणं शिकते. तिनं तेवढी जागा गाऊन भरली. माईंच्या अकरा तासांच्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला आवाज आम्ही त्यावर चढवला, ठेका मागच्या आवर्तनातून उचलला. सांधा मलाही सापडेना.

ऐकायला माईंच्या ज्येष्ठ शिष्या आल्या, ऐंशीच्या घरातल्या. नेमक्या त्याच ठिकाणी त्यांनी हात वर केला. "थांब. परत लाव." दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. पिशवीतून वही काढली, वर 'माई' लिहिलं आणि तान उतरवू लागल्या. "ही मला दिली नव्हती त्यांनी. आता मी मुलींना देईन."

माझ्या काळजात धस्स झालं. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती या गळ्यातून त्या गळ्यात, शिकवणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून. त्या विश्वासात मी खोट मिसळत होतो. ज्या मुली उद्या ही तान माईंची म्हणून घोटणार होत्या, त्यांना कुणी विचारलं होतं?

मी खरं सांगून टाकलं. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग विचारलं, "तान कुणाची?"

सहकारी कशीबशी म्हणाली, "माझी."

"तुझ्या आवाजात म्हण."

तिनं म्हटली. त्यांनी वहीतलं 'माई' खोडलं. "नाव काय गं तुझं?"

ते चाळीस सेकंद मी त्याच संध्याकाळी काढले. चिरंजीव नाराज झाले, अजूनही आहेत. फाइलमध्ये आता स्पूल उलटल्याचा खटका येतो आणि माई अर्ध्या आवर्तनातून पुढं ऐकू येतात.