तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं महागाचं मशीन सारखं बंद का असतं?

गंगाखेड, किनवट, अंबडहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसल्यावर कळतं की आज शेक, म्हणजे कॅन्सरवरचा रेडिएशनचा उपचार, मिळणार नाही; तो देणारं लिनॅक मशीन बंद आहे. मग प्रश्न येतो, आणि तो रास्तच आहे: "साहेब, कोट्यवधींचं मशीन म्हणता, मग सारखं बंद कसं पडतं?" काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर.

लिनॅक म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, कणांना वेग देणारं यंत्र. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातलं संशोधनाचं यंत्र इंडस-२ इलेक्ट्रॉनांना २.५ जीईव्हीपर्यंत (२,५०० एमईव्ही; हे कणांच्या ऊर्जेचं माप) नेतं, रुग्णालयातलं लिनॅक ६ ते २० एमईव्हीच्या आसपास थांबतं, पण कूळ एकच. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, तांब्याच्या पोकळ्यांच्या नळीतून मायक्रोवेव्हवर स्वार होऊन पुढे जातात आणि टंगस्टनच्या टार्गेटवर आदळून एक्स-रे तयार करतात. मायक्रोवेव्ह देणारा मॅग्नेट्रॉन किंवा क्लायस्ट्रॉन क्षणापुरती काही मेगावॉट ताकद देतो. एकेक पल्स काही मायक्रोसेकंदांचा, आणि असे सेकंदाला शेकडो. या साखळीतली प्रत्येक कडी मर्यादेत आहे ना, हे यंत्र सतत पाहत असतं. एकही मर्यादेबाहेर गेली की इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेचं आपोआप लागणारं कुलूप, लागतो आणि बीम (किरणांचा झोत) तुटतो. आपण "बंद पडलं" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मशीननं स्वतःच बीम रोखलेला असतो.

का रोखला, हे शोधायचा आमचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग वीज, मग हवा, आणि सगळ्यात शेवटी मशीन. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. पडद्यावर मॅग्नेट्रॉनचं नाव दिसलं की मॅग्नेट्रॉनच उघडायला जातो.

पाण्यापासून सुरुवात का, ते आकड्यात बघा. तांब्याच्या पोकळ्या ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच साथ देतात, बऱ्याच मशीनांत २८५६ मेगाहर्ट्झ. तांबं एका अंशाला दहा लाखांत सुमारे १७ भाग प्रसरण पावतं. म्हणजे थंड करणारं पाणी एका अंशानं तापलं की पोकळीची फ्रिक्वेन्सी साधारण ४८ किलोहर्ट्झनं खाली सरकते. मॅग्नेट्रॉनची फ्रिक्वेन्सी जुळवणारा ट्यूनर तिच्या मागे धावतो, म्हणून एखाद्या अंशाचा फरक कळतही नाही. पण तापमान वरखाली होत राहिलं तर ट्यूनर मागेपुढे करत राहतो, डोस रेट डळमळतो, आणि शेवटी इंटरलॉक लागतो तो डोस रेटचा किंवा सिमेट्रीचा (बीम दोन्ही बाजूंना सारखा नसल्याचा). पाण्याचं नावही पडद्यावर येत नाही. म्हणून सकाळी मशीन स्टँडबायमधून काढण्याआधी वहीत चार आकडे लिहायचे: आतल्या पाण्याचं तापमान, टाकीची पातळी, पाण्याचा दाब, चिलरच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचं तापमान. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, महिनाभराचे एकाखाली एक लिहिले की बोलायला लागतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो आणि दुपारी एक ते चार हा चिलरचा कसोटीचा काळ. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू बसलेले असतात, हवा खेळत नाही, गॅसचा दाब चढतो आणि हाय प्रेशर कटआउट कॉम्प्रेसर पाडतो. उपाय साधा: चिलरची वीज तोडून सकाळीच जाळी धुवायची, पाणी आतून बाहेर मारायचं. बाहेरून मारलं तर घाण आणखी आत जाऊन बसते. कॉम्प्रेसरच्या वर पत्र्याची बुटकी शेड टाकतात तेही चुकीचं. गरम हवा शेडला आपटून परत कंडेन्सरमध्येच शिरते. सावली हवी तर शेडनेट उंचावर बांधावं. आणि जाळीवर बोअरच्या पाण्याचं ओलं गोणपाट टाकायचा जुगाड तर अजिबात नको. दोन महिन्यांत फिनांवर क्षाराचा पांढरा थर चढतो आणि तो धुऊन निघत नाही.

मशीनच्या आतल्या फेऱ्यात मात्र डिस्टिल्ड पाणीच लागतं. पातळी कमी दिसली म्हणून कुणीतरी प्यायच्या आरओचा वीस लिटरचा जार ओतून मोकळं होतं. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, नसतात असं नाही. क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवून पाहा, लगेच कळेल. टाकीतलं पाणी निळसर-हिरवट दिसायला लागलं तर तांबं विरघळतंय असं समजा. फ्लो इंटरलॉक लागला तर आधी पातळी, मग फिल्टर, मग पाणी भरल्यानंतर अडकलेली हवा, मग वाकलेला किंवा चेपलेला पाइप, आणि फ्लो स्विचवर संशय अगदी शेवटी. स्विच खोटं बोलतोय असं वाटून त्याला वायर मारून बायपास करणं हा इथला सगळ्यात महाग गुन्हा आहे. टार्गेटला पाणी नसताना बीम चालला तर ते जळून भोक पडतं आणि पाणी थेट व्हॅक्यूममध्ये शिरतं. मग दिवसांचा नाही, आठवड्यांचा हिशेब.

विजेचं दुखणं शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. लाइनचं काम झाल्यावर फेज उलटे जोडले गेले की बोअरची मोटार उलटी फिरते, पाणी कमी फेकते. चिलरच्या पंपाचं तेच होतं. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर खराबच होतो, म्हणून त्याच्या पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्सचा रिले असतो आणि तो कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: चिलर लाइनवर चालतो आणि जनरेटरवर पडतो, किंवा उलट, तर चिलर बरा आहे, दोन्हींचा फेजक्रम जुळत नाही. फेज सिक्वेन्स मीटर लावून बघायचं आणि लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून कुठल्याही दोन फेजांची अदलाबदल करून घ्यायची. काम पाच मिनिटांचं, पण ओळखायला कधी कधी अख्खा दिवस जातो.

वीज गेली की लोकांना वाटतं, आली की लगेच सुरू होईल. तसं होत नाही. थायराट्रॉन (हाय व्होल्टेजचा स्विच) आणि मॅग्नेट्रॉनचे फिलामेंट गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटं हवीत, पाणी ठरलेल्या तापमानाला यायला अर्धा-एक तास लागू शकतो. नळीतला व्हॅक्यूम टिकवणारा आयन पंप मात्र यूपीएसवर चोवीस तास चालूच पाहिजे. नळीत १०च्या उणे सातव्या-आठव्या घाताच्या टॉरचा (टॉर हे दाबाचं माप) व्हॅक्यूम लागतो; पंप काही तास बंद राहिला तर धातूच्या भिंतींतून वायू सुटत राहतो, दाब चढतो, आणि तसाच बीम लावला तर आत ठिणग्या पडतात. अशा वेळी पंपाचा करंट उतरेपर्यंत थांबायचं. मग कमी पल्स रेटवर सुरू करून हळूहळू वाढवायचा. घाई करून एक तास वाचवायला जावं तर इलेक्ट्रॉन सोडणारी इलेक्ट्रॉन गनच जायची.

आता हवा. मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या वेव्हगाइडच्या नळीत एसएफ-६ (सल्फर हेक्साफ्लोराइड) वायू भरलेला असतो, बऱ्याच मशीनांत दाब ३० पीएसआयच्या जवळपास. तो कमी झाला की आत स्पार्किंग होतं. गळती फ्लँजच्या ओ-रिंगला साबणाचं पाणी लावून सापडते. वायू नुसता भरत राहू नये. एक तर त्यामुळे मूळ दोष झाकला जातो, आणि दुसरं म्हणजे हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून भारी आहे. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता वाढली की हाय व्होल्टेजच्या केबलवर, इन्सुलेटरवर ओल धरते आणि हाय व्होल्टेजचे पल्स देणारा मॉड्युलेटर सकाळी सकाळीच ट्रिप होतो. तिथं डिह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवणं हाच उपाय.

हवेचा आणखी एक घोळ आहे. त्यात मशीन बंद पडत नाही, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक.

मशीन डोस किती देतं हे तपासायला आम्ही बाहेरून लावतो ते आयन चेंबर हवेला उघडं असतं. आतली हवा विरळ झाली तर रेडिएशन तेवढंच असूनही आकडा कमी दिसतो. म्हणून रीडिंगला तापमान आणि दाबाची दुरुस्ती लावतात. आधार २० अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच, इथं खरा दाब ९४७च्या आसपास असतो. खोली २४ अंशांवर असेल तर दुरुस्तीचा गुणक १.०८५ येतो. आता कुणी खोलीतला बॅरोमीटर बंद आहे म्हणून मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडून दाब घेतला, तर तिथं १०१० दिसतं, कारण ॲप समुद्रसपाटीला आणून दाब सांगतं. त्या आकड्यानं गुणक १.०१७ येतो आणि मशीनचा आउटपुट सहा टक्क्यांहून जास्त घटलेला दिसायला लागतो. मशीन ठणठणीत असतं. पण "आउटपुट पडला" म्हणून कुणी तो वाढवला, तर त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला साडेसहा टक्के डोस जास्त. रोजच्या तपासणीतली सूट ३ टक्के आणि महिन्याच्या तपासणीतली २ टक्के आहे, यावरून साडेसहा म्हणजे काय ते समजा.

तापमानातही असाच चकवा आहे. फँटम, म्हणजे मोजताना पेशंटच्या शरीराऐवजी ठेवायचा ठोकळा, स्टोअरमध्ये ३४ अंशांत पडून असतं, ते आणून त्यात चेंबर घालून लगेच मोजायला बसतात. थर्मामीटर खोलीचे २४ अंश सांगतो, चेंबरमधली हवा मात्र अजून ३४ला असते. दर अंशाला सुमारे ०.३४ टक्के, म्हणजे दहा अंशांत तीन टक्क्यांहून जास्त चूक. फँटम आदल्या रात्रीच बंकरमध्ये, म्हणजे मशीनच्या खोलीत, आणून ठेवायचं, एवढंच. आउटपुट अचानक बदललेला दिसला तर मशीनला हात लावण्याआधी दुसऱ्या चेंबरनं, चेंबरचा आकडा वाचणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोमीटरनं, दुसऱ्या बॅरोमीटरनं पुन्हा मोजायचं. तिन्ही एकच सांगत असतील तरच मशीनचा विचार.

पाणी, वीज, हवा तिन्ही ठीक निघाली तर मग मशीन. खरा बिघाड सगळ्यात जास्त वेळा मल्टिलीफ कोलिमेटरमध्ये. बीमला गाठीचा आकार देणाऱ्या टंगस्टनच्या पट्ट्या, एका प्रचलित रचनेत १२०, आणि प्रत्येकीला स्वतःची बोटाएवढी मोटार. एक जरी पट्टी जागेवर वेळेत पोहोचली नाही की बीम थांबतो. गँट्री (पेशंटभोवती फिरणारा मशीनचा हात) ९० किंवा २७० अंशांवर, म्हणजे आडवी, असताना पट्ट्यांना उभं वर चढावं लागतं, थकलेली मोटार तिथंच पहिल्यांदा उघडी पडते. खात्री करायची युक्ती जुनीच: संशयित मोटार शेजारच्या पट्टीला आणि शेजारची इकडे लावायची. दोष मोटारीबरोबर गेला तर मोटार बदला. त्याच पट्टीवर राहिला तर पट्टीत घाण किंवा झीज आहे, नाहीतर केबल-बोर्डचा प्रश्न. मोटारी स्टॉकमध्ये असतील तर काम तासाभरात होतं. नसतील तर कुरिअरची वाट. बंद दिवसांचा मोठा भाग सुटे भाग येण्यात जातो, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. थायराट्रॉन, मॅग्नेट्रॉन हे ट्रॅक्टरच्या टायरासारखे झिजून संपणारे भाग आहेत. तास मोजत गेलं की त्यांचा शेवट आधी दिसतो, आणि भाग मागवायचा तो तेव्हा.

दुरुस्तीला आत जाताना मशीनची चावी काढून स्वतःच्या खिशात. कपॅसिटरना अर्थिंग रॉड लावल्याशिवाय मॉड्युलेटरला हात नाही. १५ एमव्हीचा बीम नुकताच चालला असेल तर मशीनचं डोकं उघडण्याआधी थोडं थांबायचं, त्या ऊर्जेला न्यूट्रॉन तयार होतात आणि आतले धातू काही वेळ किरणोत्सारी राहतात. दुरुस्ती झाली म्हणजे लगेच पेशंट घेता येत नाही. दाराचा इंटरलॉक, कॅमेरा-माइक, लेझर, फील्डचा आकार आणि आउटपुट पुन्हा तपासावा लागतो. तुम्हाला बाहेर "झालं म्हणे, तरी घेत नाहीत" असं वाटतं तो हाच तास.

राहिला तो दुसरा प्रश्न, जो बायाबापड्या हळूच विचारतात: मध्येच बंद पडलं, म्हणजे आजचा शेक वाया गेला का? नाही. डोस 'मॉनिटर युनिट' या मापात मोजला जातो आणि मशीनमध्ये त्यासाठी एकमेकांवर न विसंबणारी दोन चेंबर असतात. २०० युनिट द्यायचे होते आणि ११८ वर बीम तुटला तर ११८ची नोंद राहते; वीज गेली तरी काही वेळ आकडा टिकतो, आणि टेक्नॉलॉजिस्ट तो लगेच हातानं लिहून ठेवतो. उरलेले ८२ त्याच जागेवरून पुढे दिले जातात. अख्खा दिवस बुडाला तर डॉक्टर आणि फिजिसिस्ट (डोसचा हिशेब पाहणारे तज्ज्ञ) तो भरून काढायचा हिशेब करतात: कधी शनिवारी बोलावतात, कधी एकाच दिवशी दोनदा देतात, पण दोहोंत किमान सहा तास ठेवून. तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एकूण दिवस लांबू देणं बरं नसतं, त्यामुळे शनिवारी या म्हणून फोन आला तर गाडीभाड्याची अडचण असली तरी ती आधी सांगा, वेळ पुढेमागे करता येते. आणि येताना फाइल आणा, त्यातल्याच कार्डावर तो ११८चा आकडा लिहिलेला असतो.