राणीछाप रुपयाची कड

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले इतिहासाचे सर. नाव लिहीत नाही. १९७८ च्या आठवी 'ब'मधल्या कुणालाही ते सांगावं लागणार नाही.

शेवटच्या तासाला सरांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी सोडली. आत व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया. "डोळे मिटा आणि कडेवरून नख फिरवा," म्हणाले. बाकाबाकावर कर्रर्र आवाज होत तो पुढे सरकत होता.

"हे दाते कशाला?" कुणी म्हणालं, शोभेला. मग सर रंगले. नाण्याची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत, तो काळ. लबाड लोक कड कातरत, कानशीने घासत, नाणं पूर्ण भावात खपवत आणि साठलेला चुरा आटवत. इंग्लंडात हातोड्याने ठोकलेली जुनी नाणी इतकी कातरली गेली, की १६९६ मध्ये ती परत घेऊन नवी पाडायला लागले. यंत्रावरच्या नाण्यांना मात्र कडेवर दाते किंवा अक्षरं असायची. कातरलं की चोरी उघडी! त्याच साली न्यूटन टांकसाळीत रुजू झाला. "सफरचंदवाला?" "तोच. पण दाते त्याने शोधले म्हणतात ते चूक. ते त्याच्या आधीपासून होते. तो खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे लागला."

रुपया माझ्या हातात असतानाच घंटा झाली. सर म्हणाले, "घरी ने. वडिलांना दाखव. उद्या आण."

वडील सराफाच्या पेढीवर हिशेब लिहीत. त्यांनी तो काट्यावर टाकला. नव्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हा गुंजभर कमी भरला. "हाताळून झिजलाय. दाते बघ, सगळे शाबूत. बंदा रुपया आहे," वडील म्हणाले. सकाळी मी तो परत दिला, तर सरांनी न बघताच रुमालात बांधला. तेरा वर्षांच्या मुलावर एवढा विश्वास!

पुढे चौतीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली. एक अंध गृहस्थ सुटे पैसे कडेवरून नख फिरवून वेगळे करायचे. दर वेळी मला सर आठवायचे. आता माझ्या नातीच्या हाती नाणंच येत नाही, सगळं फोनवर. फार वाईट वाटतं.

सरांच्या घरच्यांकडे तो रुपया अजून असेल, तर महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवावा. फक्त काचेत बंद करू नका. मुलांना नख फिरवू द्या.