ईआरपीत लॉट ट्रॅकिंग बसवताना : माझा अनुभव

आमच्याकडे औद्योगिक ॲडहेसिव्ह बनतं. रेझिन, हार्डनर, फिलर, सॉल्व्हंट असा माल येतो, मिक्सरमध्ये पडतो आणि बादल्या-ड्रम भरून बाहेर जातो. ईआरपी, म्हणजे खरेदी-साठा-उत्पादन-विक्रीच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, आधीपासून होतं आणि साठ्याचा आकडाही बरोबर यायचा. मात्र एका ग्राहकाने अमुक बादलीतला माल सेटच होत नाही अशी तक्रार केली, तेव्हा त्यात हार्डनरचा कोणता ड्रम पडला आणि तोच ड्रम आणखी कुठे-कुठे गेला, हे ईआरपीला सांगता येईना. रजिस्टरं चाळून अंदाज बांधावा लागला. त्यानंतर लॉटनुसार, म्हणजे एकत्र आलेल्या किंवा एकत्र बनलेल्या मालाला एक नंबर देऊन, साठा ठेवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट आयटम मास्टरमधल्या (प्रत्येक वस्तूची मूळ माहिती असते त्या यादीतल्या) एका टिकमार्कएवढी दिसते. अडचण अशी की आमच्या ईआरपीत एखाद्या आयटमचा व्यवहार झाला की ती टिक नंतर बदलता येत नाही. म्हणजे नवे कोड काढा, जुना साठा त्यांवर वळवा, प्रत्येक बीओएममध्ये (कोणत्या मालात काय किती पडतं त्या यादीत) कोड बदला, उघड्या पर्चेस ऑर्डरी निस्तरा. कंटाळवाणं काम, पण सरळ.

कोणते आयटम लॉटवर घ्यायचे यावर मात्र बरीच वादावादी झाली. क्यूसीचं (गुणवत्ता तपासणाऱ्यांचं) म्हणणं, सगळेच घ्या. स्टोअरचं म्हणणं, खोकी आणि चिकटपट्ट्यांचे लॉट कोण लिहीत बसणार? मी एकच कसोटी लावली : हा आयटम खराब निघाला तर गेलेला माल परत मागवावा लागेल का? खोकी त्यात बसली नाहीत. रिकामे डबे बसले, कारण आतलं कोटिंग बिघडलं तर माल खराब होतो. सगळंच लॉटवर घेतलं की लोक कंटाळून समोर दिसेल तो लॉट निवडायला लागतात, आणि मग कशाच्याच नोंदीवर भरवसा राहत नाही.

लॉट नंबर आम्ही स्वतःचा देतो, पुरवठादाराचा वेगळ्या रकान्यात लिहितो. त्यांचा एकच लॉट दोन खेपांत आला तरी आमच्याकडे दोन लॉट होतात, कारण वाटेत आणि गोदामात दोन्ही खेपांचे हाल सारखे झाले असतील असं नाही. उलट एकाच खेपेत त्यांचे दोन लॉट असतील तर जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, दोन ओळी.

बारकोडने थोडा वेळ खाल्ला. जीएस१ या बारकोडच्या जागतिक पद्धतीत लॉटसाठी १० हा आयडेंटिफायर (पुढे कोणती माहिती आहे ते सांगणारा आकडा) आहे आणि मुदतीसाठी १७. मुदत ठरलेल्या सहा अंकांची असते. लॉट मात्र २० अक्षरांपर्यंत कितीही लांब चालतो. म्हणून लॉटच्या नंतर आणखी काही छापायचं असेल तर मध्ये विभाजक चिन्ह लागतं. एका पुरवठादाराच्या लेबलवर ते नव्हतं, त्यामुळे स्कॅनर मुदतीचे आकडेही लॉट नंबरातच गिळायचा. आमच्या लेबलवर मी लॉट शेवटी टाकला, प्रश्नच मिटला.

जुन्या साठ्यात लेबलं पुसट झालेले ड्रम होते. त्यांना अंदाजाने लॉट वाटून द्यावेत अशी सूचना आली होती, ती मी मानली नाही. ज्याचा पत्ता लागत नाही तो माल प्रत्येक आयटमच्या ‘जुना’ या एकाच लॉटमध्ये टाकला, क्यूसीकडून पुन्हा तपासून घेतला आणि आधी संपवला.

खरी लढाई झाली ती मिक्सरपाशी. पूर्वी बॅकफ्लश चालू होतं : वर्क ऑर्डर पूर्ण झाली की सिस्टीम बीओएमच्या प्रमाणात कच्चा माल आपोआप वजा करायची. लॉट चालू केल्यावर हीच सोय घातक ठरते, कारण लॉटही सिस्टीमच फिफोने, म्हणजे आधी आलेला आधी या नियमाने, निवडते. कागदावर सगळं चोख दिसतं, पण मिक्सरशेजारी अर्धा उघडा ड्रम पडलेला असतो, फोर्कलिफ्टवाल्याने नवा माल पुढे लावलेला असतो, आणि प्रत्यक्षात पडतो तो भलताच लॉट. नोंदच नसण्यापेक्षा अशी आत्मविश्वासाने केलेली खोटी नोंद मला जास्त धोक्याची वाटते. लॉटवरच्या सगळ्या आयटमचं बॅकफ्लश मी बंद करून घेतलं.

त्याऐवजी माल पडतानाच स्कॅन करायचा. ऑपरेटर वैतागले, आणि त्यांचं चुकत नव्हतं : हातमोजे चिकट, स्कॅनर लांब, मिक्सर थांबून चालत नाही. सुपरवायझरने शिफ्ट संपताना एकदम नोंदी करायचा तोडगा सुचवला. मला तो पटला नाही. आठ तासांनी लिहिलेला लॉट आठवणीतून येतो. शेवटी स्कॅनर वजनकाट्यालाच टांगला आणि आधी स्कॅन, मग वजन असा क्रम बांधला. क्यूसीने होल्डवर ठेवलेला किंवा मुदत संपलेला लॉट असेल तर वजनाचा स्क्रीन उघडतच नाही. हार्डनरला फिफोऐवजी फेफो लावलं, म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो आधी. उशिरा आलेल्या ड्रमची मुदत कधीकधी आधी संपते.

सॉल्व्हंटच्या टाकीने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. जुन्या सॉल्व्हंटवर नवा टँकर ओतला की लॉट वेगळे कसे राहणार? आम्ही प्रत्येक भरणीला टाकीचा नवा लॉट काढतो; टाकीतला आधीचा लॉट आणि टँकरचा लॉट हे त्याचे पालक. तर्काने ही साखळी कधीच तुटत नाही, आणि एक टँकर खराब निघाला तर त्यानंतरचं सगळं उत्पादन संशयित ठरतं. म्हणून ठरावीक काळाने टाकी पूर्ण रिकामी करून धुतो आणि साखळी तिथे तोडतो. उत्पादनवाल्यांना हे अजून आवडत नाही.

सगळं चालू झाल्यावर खोटा रिकॉल, म्हणजे माल परत मागवण्याची तालीम, करून पाहिला. हार्डनरचा एक लॉट उचलला आणि तो पुढे कुठे-कुठे गेला ते काढलं. मग तयार बादलीवरून मागे आलो. दोन्हीकडून नावं जुळली, वजन जुळेना. आलेला माल म्हणजे वापरलेला, शिल्लक, टाकाऊ आणि परत पाठवलेला यांची बेरीज, आणि इथे तर थोडा माल कमी भरत होता. लॅब प्रत्येक लॉटमधून नमुने घेत होती, त्यांची नोंद कुठेच नव्हती. ड्रमच्या तळाशी चिकटून राहणारा मालही हिशेबात नव्हता. दोन्हींसाठी इश्यूचे, म्हणजे साठ्यातून माल वजा करण्याचे, वेगळे प्रकार केले. रीवर्कचंही तसंच. बिघडलेली बॅच पूर्वी स्क्रॅपमध्ये दाखवून गुपचूप नव्या बॅचमध्ये मिसळली जायची. आता ती स्वतःच्या लॉट नंबरसह कच्चा माल म्हणून आत जाते.

राहिलंय ते डिस्पॅचचं. एका पॅलेटवर दोन लॉटच्या बादल्या चढल्या तरी चलनावर अजून एकच ओळ येते. लॉटगणिक ओळ पाडायची मागणी ईआरपीवाल्यांकडे टाकली आहे. तोवर पॅलेटच्या बादल्या मोजून लॉटची वेगळी यादी चलनाला जोडतो.